दुपट्ट्याकडे पाहू नको

कापूस वेचून पऱ्हाटी उपटून झाली की लोक ती वावराच्या धुऱ्यावर रचतात, चुलीत घालायला. मी त्या ढिगातून सात निवडून घेतो. बुडाशी अंगठ्याएवढी जाड, छातीइतकी उंच, सरळ. फांद्या छाटायच्या, साल तशीच ठेवायची. खांद्यावर घेऊन गावात शिरलो की कोणी ना कोणी टोकतोच. यंदा पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "काका, सरपन का?" मी म्हणालो, "टीम हाय." तो हसला. मी नाही हसलो.

कबड्डी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक गडी दम धरून पलीकडे जातो, समोरच्या सातांपैकी कोणाला तरी शिवतो आणि मध्यरेषेवर परत येतो. त्याला चढाई म्हणतात. समोरचे सात त्याला धरायला टपलेले असतात. माझ्या मैदानावर ते सात म्हणजे ह्या पऱ्हाट्या. प्रत्येकीला मी एकेक घुंगरू बांधतो. माझ्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं आहेत ती. बैल विकले, घुंगरं मागून घेतली.

मी चौथी शिकलो. लिहिता येतं, पण हळू येतं. कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला कोणीतरी लिहून दिलं. नाही. माझं मीच लिहून राह्यलो. शब्द चुकला असेल तर चुकू द्या. मी मैदानाबाहेर कोणाची चूक काढत नाही, माझीही कोणी काढू नये.

मैदान शाळेच्या मागं आहे. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की माणसाचा घोटा आत जाईल. त्या जमिनीवर कबड्डी खेळायची म्हणजे पाय मोडून घ्यायचे. म्हणून जवानीत मी नाल्याची बारीक माती बैलबंडीनं आणून टाकली, चाळली, पाणी मारलं, धुमसानं ठोकली. दर साली थोडी वाहून जाते, दर साली मी थोडी आणतो. ग्रामपंचायतीला मी कधी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मैदान त्यांचं झालं असतं.

त्या मैदानावर मी गावातल्या पोट्ट्यांना शिकवलं. त्यांचे बाप शिकले, मग ते शिकले. कोणी पोलिसात गेला, कोणी बुटीबोरीच्या कंपनीत, कोणी हिंगणघाटला जिनिंगमध्ये. जाणाऱ्याला अडवायचं कसं? पण मागून नवे येईनात. बारा जणांचे नऊ झाले, नवाचे पाच. पाच जणांत दोन बाजू होत नाहीत, तेव्हा मीच एका बाजूनं उभा राहायचो. मग एका संध्याकाळी शिटी मारली आणि कोणीच आलं नाही. एक कुत्रं आलं. ते रोज यायचं. त्याला मी म्हणालो, "चाल, तू धर कोपरा."

माझी बायको तेव्हा होती. ती म्हणायची, "या मैदानासंगंच लगन लावाचं होतं ना, मले काऊन आनलं?" ती गेली त्याला आता बरेच पावसाळे झाले. पोरगा पुण्याला असतो. रविवारी फोन करतो. जेवले का, विचारतो. जेवलो म्हणतो. मग दोघंही थोडा वेळ फोन कानाला धरून बसतो.

कोणी आलं नाही तरी मी मैदान सोडलं नाही. संध्याकाळी जायचं, झाडायचं, फक्की मारायची. पांढऱ्या फक्कीची रेघ नसली की मैदान म्हणजे नुसतं रिकामं वावर. रेघ असली की वाटतं, कोणी येणार आहे.

माझ्या घरासमोर एक घर आहे, तिथल्या पोराचं लग्न झालं. सून आली अल्लीपूरकडची. तिच्या नवऱ्याची चौकात मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. लग्नानंतरच्या हिवाळ्यात तो एका संध्याकाळी मैदानावर आला, मान खाजवत उभा राहिला.

"काका, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"घरची म्हनते का तुमची मधातली रेघ वाकडी झाली."

"कोन म्हनते?"

"माही बायको. छतावरून कपडे वाळू घालता घालता दिसते तिले."

तो गेल्यावर सुतळी आणली, दोन खुंट्या ठोकल्या, ताणली. रेघ वाकडीच होती. सुतळी जुनी झाली होती, तिला ताण नव्हता. नवी आणली. तरी वाकडी. मग फक्की पुसून पुन्हा मारली, आणि तिच्या नवऱ्याला जाऊन सांगितलं, "इतकं कळते तं मैदानात ये म्हना. छतावरून तं कोनीबी बोलते."

ती यायची नाही, असं धरून मी बोललो होतो. दुसऱ्या दिवशी ती आली. सोबत तिची सासू. सासू माझी नात्यानं वहिनी लागते. वहिनीच्या हातात गव्हाचं सूप होतं. मैदानाच्या कडेला दगडावर बसली आणि गहू निवडता निवडता बोलायला लागली.

"भाऊजी, लोक का म्हनतीन याचा इचार केला का? या वयात सुनेसंगं कबड्डी?"

"मी खेळून नाई राह्यलो वहिनी. शिकवून राह्यलो."

"आमच्या जमान्यात सून मामाजीसमोर उभी नाई राहे."

"मंग इले बसवून शिकवू का?"

सून तोंड फिरवून हसली. हसताना तिनं ओढणी डोक्यावर घेतली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि गावातल्या सासऱ्याच्या वयाच्या माणसालाही. मामाजीसमोर डोकं झाकायचं, बरोबरीच्या बाजेवर बसायचं नाही. मामाजीनंही सुनेला हात लावायचा नाही, चार लोकांत तिचं नाव घेऊन हाक मारायची नाही. ही रीत मी केलेली नाही आणि मोडणारही नव्हतो. पण कबड्डी म्हणजे धराधरी. चढाईला आलेल्याचा घोटा कसा धरतात हे सांगून कळत नाही, धरून दाखवावं लागतं. गावात दुसरी एकही बाई यायला तयार नव्हती.

तीन-चार दिवस मी विचार केला. मग वावरात गेलो आणि सात पऱ्हाट्या घेऊन आलो.

पहिल्यांदा रोवल्या तेव्हा वहिनीनं सूप खाली ठेवलं. "हे का बाप्पा?"

"हे समोरची टीम."

"यायले नावं ठेवले का नाई?"

"तुमीच ठेवा."

वहिनीनं खरंच ठेवली. एका कोपऱ्यातल्या पऱ्हाटीला आपल्या जावेचं नाव दिलं. त्या पऱ्हाटीला लाथ बसली की वहिनीला लय आनंद व्हायचा.

शिकवणं असं होतं. दम धरून जायचं. पायाच्या बोटानं पऱ्हाटीला बुडाशी इतकंच शिवायचं की घुंगरू वाजेल, पण पऱ्हाटी कलणार नाही. कलली म्हणजे पाय तिथं जास्त वेळ राहिला, म्हणजे समोरच्यानं घोटा धरला. वाजलीच नाही म्हणजे शिवलंच नाही. पहिले काही दिवस पऱ्हाट्या आडव्याच पडायच्या. मग एक संध्याकाळ आली की घुंगरू वाजलं, पऱ्हाटी हलली नाही, आणि ती मध्यरेषेवर येऊन उभी राहिली, कबड्डी कबड्डी म्हणतच. तिला थांबायचं भान नव्हतं. मी म्हणालो, "पुरे. झालं." वहिनीनं गहू निवडायचे थांबवले होते.

पण कोणत्या कोपऱ्यात जायचं, कधी परतायचं, हे तिला चढाईत असताना सांगायचं कसं? ओरडायचं तर नाव घ्यावं लागतं. नाव टाळून 'ए सूनबाई, उजवा कोपरा' असं मैदानावर ओरडलो असतो तर सगळ्या गावाची करमणूक झाली असती. शिटी वाजवून पाहिली, तर कुत्रं मध्ये यायचं. मग दुपट्टा. माझ्या खांद्यावर दुपट्टा नाही असा दिवस नाही. उजव्या खांद्यावर टाकला की उजवा कोपरा. डाव्यावर टाकला की डावा. डोक्यावर घेतला की परत ये. एवढंच. न बोलता काम होत होतं. ती दम धरून आत जायची, एक नजर माझ्याकडे टाकायची आणि सुटायची.

वर्षभरानं तिचा नवरा तिला हिंगणघाटला एका क्लबात घेऊन गेला. तिथं बायकांची टीम आहे, निळी मॅट आहे, आणि शिकवायला एक मॅडम. तरुण, केस कापलेली, गळ्यात शिटी, शिकून आलेली. आठवड्यातून काही दिवस सून यष्टीनं तिकडे जायची, बाकीचे दिवस माझ्याकडे. मी तिला विचारायचो नाही की मॅडम काय शिकवते. तीही सांगायची नाही. एकदाच म्हणाली, "मामाजी, मॅटवर पाय भाजते." मी म्हणालो, "मातीवर नाई भाजत." तेवढ्यानं माझे दोन दिवस बरे गेले.

क्लबाची पहिली मॅच समुद्रपूरला होती, उघड्या मैदानावर. मी गेलो. बेंच टीमसाठी आणि मॅडमसाठी. मी लोकांत बसलो, तिला दिसेल असा. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. उजवा खांदा, डावा खांदा. तिनं गुण आणले. मॅचच्या शेवटाला ऊन असं तापलं की मी दुपट्टा डोक्याला गुंडाळला. ती तेव्हा नेमकी चढाईत होती, समोरची एक पोरगी घसरून पडली होती, शिवायला हात लांब करायचा तेवढा बाकी. ही उलट्या पायानं परत आली.

मॅडमनं कपाळावर हात मारला. मॅच संपल्यावर मी तिला विचारलं, "ते पडली होती ना? काऊन नाई शिवलं?"

"तुमी तं डोक्यावर घेतला."

"ऊन लागत होतं वं!"

"मले का माईत मामाजी? तुमी घेतला, मी आली."

सगळ्या पोरी हसल्या. मीही हसलो. घरी येताना यष्टीत खिडकीशी बसून मला बरं वाटत होतं. समोर पडलेला गडी सोडून ती माझ्या दुपट्ट्यावर विश्वास ठेवून परत आली होती. घरात तर मी 'पाणी दे' म्हणालो तरी ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मॅडम माझ्या घरी आली, स्कूटीवर. मी बाज अंगणात टाकली, चहा केला. चहा मला नीट जमत नाही, साखर जास्त होते. तिनं पूर्ण घेतला.

"काका, तुम्ही तिचे पाय फार चांगले केले आहेत. मला कोणीही विचारलं तर मी हेच सांगेन."

कौतुकानंतर काय येतं ते मला माहीत आहे. मीही पोट्ट्यांना आधी चांगलं बोलूनच मग झापायचो.

तिनं मोबाइल काढला. समुद्रपूरच्या मॅचचं रेकॉर्डिंग होतं. तिनं एक जागा थांबवली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणी सून आत गेलेली, समोर गडी, आणि हिची मान बाहेर वळलेली.

"हे पाहा. प्रत्येक चढाईत. तेवढ्यात समोरची पोरगी तिचा घोटा धरू शकते. गावातल्या टीम धरत नाहीत, पण जिल्ह्याच्या निवडीला ज्या येतील त्या सोडणार नाहीत."

"कोनाकडे पाहते ते?"

"तुमच्याकडे, काका."

मला ते दिसत होतंच. तरी विचारलं.

मॅडम म्हणाली, "हिंगणघाटला निवडीची मॅच आहे. तिला जिल्ह्याच्या टीममध्ये घेतील, एवढी ती नक्कीच चांगली आहे. फक्त ही मान. दोनच गोष्टी होऊ शकतात. तुम्ही बेंचवर माझ्या शेजारी बसा, दुपट्टा घडी करून मांडीवर ठेवा. नाहीतर..."

"नाईतर?"

"नाहीतर येऊ नका."

मी बाजेवरून उठलो. "मॅडम, ते मैदान म्या बंडीनं माती आनून बनवलं. तिथं शिकलेल्या पोरीच्या मॅचले म्या यावं का नाई, हे मले सांगाची गरज नाई. चहा झाला असन तं या."

ती उठली. फाटकाशी थांबून म्हणाली, "काका, तिचं ह्यावर खूप अवलंबून आहे. सासरी ती रोज कोणाचं ना कोणाचं ऐकून येते." आणि स्कूटी चालू केली.

मी रागात होतो, पण माणूस रागात असला तरी पाहिलेलं विसरत नाही. दुसऱ्या संध्याकाळी सून मैदानावर आली तेव्हा मी दुपट्टा घरी ठेवून गेलो. ती दम धरून आत गेली. पऱ्हाट्यांच्या मधात पोचली. मान वळली. माझ्या खांद्यावर काही नव्हतं. ती थांबली. दम सुटला.

"मामाजी, दुपट्टा कुठं हाय?"

"घरी."

"मंग मी कुठं जाऊ?"

सात पऱ्हाट्या समोर उभ्या होत्या. त्या धरणार नव्हत्या, पळणार नव्हत्या. आणि ती मला विचारत होती, मी कुठं जाऊ.

मी म्हणालो, "तुले जिकडे वाटन तिकडे जाय. माह्याकडे पाहू नको."

"हव," म्हणाली. पुन्हा गेली, पुन्हा मान वळली. मी तोंड फिरवून शाळेच्या भिंतीकडे पाहत उभा राहिलो. मागं घुंगरू वाजलं नाही. वळून पाहिलं तर ती माझ्या पाठीकडे पाहत होती.

रोज तेच. मी बसलो, उभा राहिलो, झाडामागं गेलो. मी मैदानावर आहे एवढं तिला माहीत असलं की पुरे, मान मला शोधायची. एकदा वहिनीच बोलली, "भाऊजी, घोड्याच्या डोयाले लावते तशी झापड लावा इले." माझ्या मनात वेगळंच आलं. झापड तिला लावून उपयोग नव्हता. मीच दिसायला नको होतो.

मॅडमच्या शेजारी बेंचवर बसायचा विचार मी एक रात्र केला, खोटं कशाला बोलू. पण दुपट्टा मांडीवर असला काय आणि खांद्यावर असला काय, ती माझा चेहरा वाचायला लागली असती. मान तिकडेच वळली असती, फक्त बेंचकडे. आणि मॅडमला ते चांगलं वाटलं असतं की नाही, ते मॅडम जाणो.

निवडीच्या आदल्या दिवशी सून घरासमोर आली. डोक्यावर ओढणी, हातात गाठोडं. "मामाजी, सकाऊन कुठं बसान?"

"मैदानाच्या कडेले निंबाचं झाड हाय. त्याच्याखाली."

"नक्की?"

"म्या कधी सांगून आलो नाई, असं झालं का?"

ती खूश होऊन गेली.

दुपट्टा खुंटीवर ठेवून मी सकाळच्या यष्टीनं निघालो. जवान झाल्यापासून मी उघड्या खांद्यानं गावाबाहेर गेलो नव्हतो. बसमध्ये मला वाटत होतं सगळे माझ्या खांद्याकडेच पाहत आहेत. सोबत असता तर हात आपोआप गेला असता, म्हणून घेतला नाही.

मैदानावर मंडप होता, तिन्ही बाजूंनी कनात. निंबाचं झाड समोर मोकळं. मी कनातीच्या मागून गेलो, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला. तिथं दोन कापडं शिवली होती ती शिवण उसवलेली होती, डोळा लावला की मॅट दिसायची. एक आलूबोंडेवाला ठेला घेऊन तिथंच होता.

"काका, अंदर खुर्च्या खाली हाय. इथं काऊन बसले?"

"मले इथूनच दिसते."

"इथून तं टँकर दिसते."

मी एक आलूबोंडा घेतला, म्हणजे तो गप्प बसेल.

टीमा मॅटवर आल्या. सुनेनं सगळ्यात आधी निंबाकडे पाहिलं. मग मंडपातल्या लोकांकडे. मग पुन्हा निंबाकडे. पहिली चढाई तिची. आत गेली, मान वळली, झाडाखाली कोणी नव्हतं. निदान रेषा, म्हणजे चढाईत जिथवर जावंच लागतं ती रेघ, तेवढी ओलांडून हात न लावताच परत आली. दुसऱ्या वेळी मान वळली तेव्हा कोपऱ्यातल्या पोरीनं तिचा घोटा धरला. मॅडम बोलली होती तसाच. दोघी-तिघींनी तिला दाबून धरलं. ती बाद होऊन बाहेर बसली. गुडघ्यांत तोंड घातलं.

माझा हात खांद्यावर गेला. तिथं काही नव्हतं.

आलूबोंडेवाला म्हणाला, "काका, तुमची पोरगी का?"

"नाई."

"मंग रडून काऊन राह्यले?"

"मिरची लागली."

मॅडमनं तिला काही समजावलं नाही, नुसती पाण्याची बाटली दिली. हे मला बरोबर वाटलं. मीही तेव्हा काही बोललो नसतो.

ती पुन्हा आत आली. दम धरून मध्यरेषेवर उभी राहिली आणि निंबाकडे वळलेली मान तिनं अर्ध्यातून मागं घेतली. मला ते इतक्या दुरून दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल. मग ती डाव्या कोपऱ्यात गेली. मी उजवा सांगितला असता. मी नक्की उजवा सांगितला असता, आणि तो चुकला असता, कारण डाव्या कोपऱ्यातली पोरगी पाय टाकून उभी होती. हिनं बोटानं शिवलं आणि सुटली. घुंगरू नव्हतं तिथं, तरी मला ऐकू आलं.

त्यानंतर तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. दोघींना शिवून आली, मग बोनसचा गुण, मग एकदा धरलेली असताना आडवी पडून हात मध्यरेषेवर टेकवला. लोक ओरडत होते. मी शिवणीला डोळा लावून बसलो होतो. आनंद झाला, का नाही होणार. पण आपण कोणाच्या घरून निघावं आणि मागं आतून कडी लागल्याचा आवाज यावा, तसंही झालं.

एकदा मॅडमची नजर कनातीकडे आली. तिनं मला पाहिलं. मग ती मॅटकडे वळली. नंतर तिनं ते कोणाला सांगितलं नाही, एवढं मला माहीत आहे.

निवडलेल्यांची नावं सांगायच्या आधीच मी निघालो. रस्त्यावर आलो तेव्हा भोंग्यावर सुनेचं नाव ऐकू आलं. ते नाव मी आजवर तोंडानं घेतलं नव्हतं. स्टँडकडे चालता चालता एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. ओढणी डोक्यावर, डोळे सुजलेले. पाया पडली आणि उभी राहिली.

"तुमी आले नाई."

"वावरात डुकरं शिरले."

"दिवसा?"

"आता दिवसाच येतेत."

"मामाजी, पऱ्हाटी उपटून झाली. डुकरं खातीन का?"

मी म्हणालो, "तुर हाय ना."

"तुर बी काढली तुमी. मी पाह्यलं."

"तं मंग हरबरा हाय! मी खोटं बोलून राह्यलो का?"

ती म्हणाली, "मी दोन डाव निंबाकडे पाह्यलं. बाद झाली. मले वाटलं, तुमाले काई झालं. मले काई सुचत नोव्हतं. तुमी सांगतलं होतं नक्की येतो." तिचा आवाज बारीक झाला. "मॅडम आली. आमचे हे आले. वहिनी म्हनता ना तुमी, त्या आत्याबाई बी आल्या, गुडघे दुखतात तरी. एक तुमीच नाई."

एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. टँकर म्हणालो असतो तरी तिला कळलं असतं. पण जिल्ह्याच्या टीमच्या पुढं मॅचेस होत्या. मी कुठल्या तरी कापडाच्या मागं असतो हे तिला एकदा कळलं, की तिची मान प्रत्येक मैदानावर कनाती शोधत फिरली असती.

"पेढा चांगला हाय," मी म्हणालो.

ती डबा बाजेवर ठेवून गेली. दार लावताना वाजवलं.

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. वहिनी एकदा आली, दगडावर बसली, रिकाम्या हातानं. "लय रुसली तुमच्यावर भाऊजी. घरात नाव काढू देत नाई." मग पऱ्हाट्यांकडे पाहून म्हणाली, "माही जाऊ कोनती, ते कोपऱ्यातली ना?" उठून तिनं ती पायानं हलवली. घुंगरू वाजलं. "करमत नाई हो," म्हणाली आणि गेली.

जिल्ह्याच्या टीमचं शिबिर होतं, महिनाभराचं, बाहेरगावी. ती ज्या दिवशी निघाली त्या दिवशी मी संध्याकाळी मैदानावरच होतो. फक्की मारून झाली होती, रेघ सरळ आली होती. तिच्या नवऱ्याची गाडी गल्लीतून निघाली. स्टँडचा रस्ता मैदानाला लागूनच जातो. ती मागं बसली होती, मांडीवर बॅग. मी उभा होतो तो मधल्या रेघेवरच. दुपट्टा खांद्यावर होता. कोणत्या खांद्यावर होता ते आता आठवत नाही.

नवऱ्यानं हॉर्न वाजवला, माझ्याकडे पाहून हात केला. ती समोर पाहत होती. गाडी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. शाळेच्या भिंतीपाशी वळण आहे, तिथं जरा मंद झाली. मान वळली नाही.

रागानं नाही वळली, की सवय खरंच गेली, ते मला सांगता येत नाही. दोन्हींत माझंच काम आहे.

गाडीचा आवाज बंद झाला. वारं सुटलं तशी एकदोन घुंगरं वाजली. कुत्रं येऊन कोपऱ्यात बसलं. ऊन उतरून बराच वेळ झाला होता. तरी मी दुपट्टा खांद्यावरून काढला आणि डोक्यावर घेतला, आणि रस्त्याकडे तोंड करून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.